चार चाळीसला दारात

ही गोष्ट खरी आहे.

असं म्हटलं की लोक हसतात, ठाऊक आहे मला. हसा खुशाल. पण जिच्या बाबतीत हे घडलं, ती बाई आजही रोज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. आणि ज्या दिवशी हे सुरू झालं, त्या दिवशी मीही तिथंच होते. इतकंच नाही... त्यात थोडा हात माझाही आहे. तो कसा, ते येईलच पुढं.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथं रात्र नव्हती.

दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं. गुरुवार. डिसेंबरचा दुसरा आठवडा.

जागा म्हणजे आमचं हॅलर्सबर्ग, उत्तर मिनेसोटातलं. डिसेंबरात आमच्याकडं साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि पाचला लोक जेवायला बसतात. एवढं लक्षात ठेवा, बास.

मी आणि आर्लिस टोफ्टे एकोणीस वर्षं एकाच दातांच्या दवाखान्यात, एकाच काउंटरमागं बसतोय. आर्लिस अठ्ठावन्न वर्षांची. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. मनानं चांगली आहे असं म्हणायची पद्धत असते. ती मनानंही फटकळच आहे. पण माझ्या बाळंतपणात सहा आठवडे तिनं माझं काम ओढलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. म्हणून मी तिची.

आर्लिस जळायची. सरळच सांगते.

शेजारच्या कॉरीनवर जळायची. आठ वर्षं.

कॉरीन विधवा. ठेंगणी, पांढऱ्या केसांचा अंबाडा, सदा हसरी. तिच्या घराचं काही मोडलं की आर्लिसचा नवरा मर्ल निघाला पेटी घेऊन. कधी पन्हाळ साफ करायला, कधी नळ, कधी दाराची बिजागरी. मर्ल आयुष्यभर कौंटीची बर्फ ढकलायची गाडी चालवत आला. गाडीत एकटाच, म्हणून की काय, माणूस अगदी घुम्या. घरात 'हो', 'नाही' आणि 'मीठ दे'. बास.

"पण तिकडं गेला की हसतो गं, विशा," आर्लिस मला सांगायची. "मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येतं. माझाच नवरा हसतोय आणि मी इकडं बटाटे सोलतेय."

"अगं, शेजारधर्म असतो."

"मग तुझा नवरा पाठव. पाठवतेस?"

मी पुढची फाईल उघडली.

पाच वर्षांपूर्वी आर्लिसचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा कॉरीन हॉटडिश घेऊन आली. खिमा, वाटाणे, वरून बटाट्याचे कुरकुरीत गोळे, सगळं भट्टीत भाजलेलं. आमच्याकडं कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, की हेच येतं. मर्लनं ते भांडं चमच्यानं खरवडून खाल्लं, आणि म्हणाला...

"वा."

एकच शब्द. आर्लिस पलंगावर टाके सांभाळत पडली होती. तिनं तो ऐकला.

"एकतीस वर्षं रांधून घालतेय मी त्याला. मला एकदा 'वा' नाही, विशा. एकदा नाही!"

आमच्याकडं अशा भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितात. म्हणजे भांडं बरोबर आपल्या घरी परत जातं. कॉरीनच्या भांड्याखालीही निळ्या शाईत तिचं नाव होतं.

आर्लिसनं ते भांडं परत केलंच नाही.

तळघरात रंगाच्या डब्यांमागं ढकलून दिलं. कॉरीननं एकदा हळूच विचारलं, तर तोंडावर म्हणाली, "दिलं की! विसरलीस वाटतं?" कॉरीन हसली आणि म्हणाली, "असेल बाई." पुन्हा कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरात कॉरीन गेली. बसल्या जागी, सकाळच्या कॉफीपुढं. पन्हाळातली पानं काढायला गेलेल्या मर्लनंच तिला पाहिलं.

मर्ल रडला.

"माझी आई गेली तेव्हा हा रडला नव्हता," दुसऱ्या दिवशी आर्लिस मला म्हणाली. तिचे डोळे कोरडे. "तेव्हा सँडविच खात होता."

पण आतून तिला हायसं वाटलं होतं. तिनंच कबूल केलं. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

मग नोव्हेंबरात बर्फ पडायला लागला.

आणि मर्ल रोज तिसऱ्या प्रहरी फावडं घेऊन निघायचा. आधी स्वतःच्या दारातला बर्फ. मग... कॉरीनच्या.

"मेलीय ती, मर्ल."

"हो."

"मग?"

"दारात बर्फ साचला की चोरांना कळतं घर रिकामंय. तिच्या मुलानं फोन केला होता."

खरंच होतं ते. पण फावडं मारायला अर्धा तास पुरतो. मर्ल दीड तास यायचा नाही.

आर्लिसला जिवंत बाईवर जळण्याची सवय होती. मेलेल्या बाईवर जळायचं कसं, हे तिला उमजेना. भांडायची सोय नाही. टोमणा मारायची सोय नाही. तिथं काय चालतं हे तिला बघायचं होतं, आणि ती तर दिवसभर दवाखान्यात.

म्हणून तिनं कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

गावात हार्डवेअरचं एकच दुकान. काउंटरमागं वेंडेल, आर्लिसच्या शाळेतला, तिच्याच वर्गातला.

"घराला लावायला कॅमेरा हवाय."

"कुणाला पकडायचंय?"

"चोराला. पार्सलं पळवतात हल्ली."

"आपल्या गावात? आपल्या गावात कोणी तुझा स्वेटर चोरला, तर रविवारी तोच घालून चर्चमध्ये तुझ्या पुढच्या बाकावर बसलेला सापडेल."

"वेंडेल, विकायचाय का नाही?"

"विकतो की. पण आधी सांग, बघायचंय काय? लोक येतात आणि विचारतात, चित्र किती स्वच्छ दिसतं. ते नंतर गं. दारात कोण येतं ते बघायचंय? बाहेर कोण फिरतं ते? की आपल्या मागं घरात काय चालतं ते?"

आर्लिसला तिन्ही बघायचं होतं.

वेंडेलनं तीन खोकी काढली. पहिलं बॅटरीवालं. "लावायला सोपं. पण थंडी उणे पंचवीसवर गेली की बॅटरी मान टाकते. नेमकी गरज असेल तेव्हा हा झोपलेला." दुसरं वायरवालं, सोबत एक काळा डबा. "सगळं घरातल्या घरात साठतं. तुझं तुझ्यापाशी. मी असतो तर हाच घेतला असता."

"कामावरून फोनवर दिसतं का ह्यात?"

"नाही. घरी येऊन बघायचं."

"मग नको."

वेंडेलनं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. मग तिसरं खोकं पुढं सरकवलं. तीन कॅमेरे आणि एक कुलूप. "हा चेहरे ओळखतो. कोणी आलं की तुला फोनवर विचारतो, हे कोण? तू नाव दिलंस की झालं, पुन्हा विचारत नाही. हे कुलूप त्याच्या जोडीचं. ओळखीचा चेहरा दिसला की दार आपोआप उघडतं. हातात पिशव्या असू देत, हातमोजे असू देत. किल्लीची भानगडच नाही."

"हे बरंय."

"मी माझ्या घरी ते बंद ठेवलंय."

"का रे?"

"माझा मेहुणा गावातच राहतो."

आर्लिस हसली. खोकं उचलून निघाली. दारापर्यंत पोचली तेवढ्यात वेंडेल मागून म्हणाला, "आणि शेजारचं घर त्यात येत असेल, तर तेवढ्या भागावर काळा पट्टा ओढायची सोय आहे. ओढ बरं का. रीत आहे ती."

"शेजारीण मेली, वेंडेल."

"म्हणून काय झालं?"

आर्लिसनं पट्टा ओढला नाही.

रविवारी मर्लनंच सगळं बसवलं. एक दारावर. एक वळचणीला. आर्लिस शिडी धरून उभी. "डावीकडं. अजून. अजून थोडा."

"आपलं दार इकडं आहे," मर्ल वरून म्हणाला.

"अजून थोडा."

तिसरा तिनं फ्रिजवर ठेवला, जेवायच्या टेबलाकडं तोंड करून.

"स्वयंपाकघरात कशाला? बटाटे चोरीला जातात?"

मर्लनं एवढं लांब वाक्य बोलून किती दिवस झाले होते! आर्लिसला तेवढ्यानंही बरं वाटलं. तिनं पद्धतशीर दोघांचे चेहरे शिकवले. मर्ल. आर्लिस. दोन नावं. हिरवा दिवा.

सोमवारी काउंटरमागं बसून तिनं मला फोन दाखवला. मर्ल कॉरीनच्या दारात फावडं मारत होता. मारता मारता थांबला. फावडं बर्फात रोवलं.

टोपी काढली.

आणि दाराकडं तोंड करून... बोलायला लागला.

आवाज येत नव्हता, लांब होतं. पण ओठ हलत होते. मधेच थांबायचा, मान डोलवायचा. समोरचं माणूस बोलतंय आणि आपण ऐकतोय, तसा. पुन्हा बोलायचा.

दार बंद होतं.

"बघितलंस?" आर्लिस म्हणाली. रागानं तिचे कान लाल झाले होते. "उणे वीसमध्ये टोपी काढून उभा आहे. माझ्यासमोर कधी काढली होती का? लग्नात काढली होती."

रात्री तिनं विचारलं, "कुणाशी बोलत होतास?"

"कोण, मी? गाणं म्हणत असेन."

मर्लला गाणं येत नाही.

मंगळवारी चार चाळीसला फोन वाजला. टिंग.

'दारात कोणीतरी आहे.'

आर्लिसनं बघितलं. दारात कोणी नव्हतं. पायरी, पायपुसणं, वर ताजा भुरभुरीत बर्फ. त्यावर पाऊल नाही की काही नाही. फक्त...

माणूस दिसला की तो कॅमेरा त्याच्याभोवती पिवळी चौकट काढतो. आत्ता चौकट होती. रिकाम्या हवेभोवती. जमिनीपासून आर्लिसच्या खांद्याएवढी.

ठेंगण्या माणसाएवढी.

"बिघडलाय," मी म्हणाले.

"वेंडेलच्या डोक्यात घालते," ती म्हणाली.

बुधवारी चार चाळीस. टिंग. तीच रिकामी पायरी, तीच चौकट. ह्या वेळी खाली प्रश्न होता.

'ही व्यक्ती ओळखीची आहे का? नाव द्या.'

आर्लिसनं फोन उपडा ठेवला.

गुरुवार उजाडला. आर्लिस कामावर आली ती धुमसतच. सकाळी मर्लला खुंटीवरून नवी टोपी काढून घालताना तिनं पाहिलं होतं. निळी, हातानं विणलेली.

"कुठली ही?"

"कॉरीननं दिली होती. गेल्या वर्षी."

"आणि आज आठवली?"

"आज थंडी जास्त आहे," मर्ल म्हणाला आणि गेला.

दिवसभर आर्लिस पेशंटांवर खेकसत होती. चार चाळीसला फोन वाजला. टिंग.

'ही व्यक्ती ओळखीची आहे का? नाव द्या.'

तिचा अंगठा त्यावर थांबला. ओठ आवळले गेले. "लिहू का गं नाव तिचं? लिहिते आणि चित्र पाठवते मर्लला. घे म्हणावं, आली तुझी!"

आणि मी... मी हसले हो. मला गंमत वाटली.

"लिही की," मी म्हणाले.

तिनं लिहिलं. कॉरीन.

हिरवी खूण आली. 'ओळखीच्या चेहऱ्यांत जमा.'

आम्ही दोघी हसत होतो. माझं हसू अजून तोंडावरच होतं, तेवढ्यात...

टिंग.

'कॉरीन दारात आहे.'

टिंग.

'कॉरीनसाठी दार उघडलं.'

आर्लिसनं कोट ओढला. निघालीच. गाडी काढताना तिनं कचऱ्याचा डबा उडवला, तो मी खिडकीतून बघितला.

पुढचं तिनं मला सांगितलं तसं सांगते.

बारा मिनिटांत ती घरी पोचली. अंधार पडला होता. गराजमध्ये मर्लची होडी, त्यामुळं तिची गाडी कायम बाहेरच. मागच्या दाराला कमरेएवढा बर्फ. म्हणजे जायचं ते पुढच्याच दारानं. ती पायरीवर चढली आणि कॅमेऱ्यासमोर तोंड धरून उभी राहिली.

लाल दिवा.

टोपी काढली. केस मागं केले. पुन्हा तोंड दाखवलं.

लाल.

हातातला फोन वाजला. टिंग.

'दारात अनोळखी व्यक्ती आहे.'

चित्रात तिचाच चेहरा होता. तिचाच कोट, तिचंच लाल झालेलं नाक. भोवती पिवळी चौकट. खाली, 'अनोळखी'.

तिनं कुलपावरचे आकडे दाबले. चुकीचे. पुन्हा दाबले. चुकीचे. ते आकडे म्हणजे त्यांच्या लग्नाची तारीख. ती कशी चुकेल?

आणि मग आतून आवाज आला...

मर्ल हसत होता.

मोठ्यांदा. पोट धरून हसावं तसा. आठ वर्षं तिनं आपल्या खिडकीतून ऐकलेलं शेजारचं हसू आता तिच्या स्वतःच्या दाराआडून येत होतं.

गारठलेल्या बोटांनी तिनं फोनवर फ्रिजवरचा कॅमेरा उघडला.

टेबलावर दोन ताटल्या. मधे एक भांडं, वाफ निघतेय. मर्ल काटा हातात धरून बोलतोय. खरंच बोलतोय, वाक्यामागून वाक्य. समोरची खुर्ची मागं सरकवलेली. खुर्चीत कोणी नाही.

खुर्चीवर पिवळी चौकट. खाली नाव. 'कॉरीन'.

आर्लिसनं दार बडवलं. "मर्ल! मर्ल, दार उघड!"

चित्रातल्या मर्लनं मान वळवली. दाराकडं बघितलं. मग पुन्हा खुर्चीकडं. खुर्चीतून कोणीतरी त्याला काही म्हणालं असावं... कारण त्यानं मान डोलवली, आणि पुन्हा जेवायला लागला.

त्याच क्षणी चौकटीखालचं नाव थरथरलं. पुसलं गेलं.

नवं आलं.

'आर्लिस'.

ती किंचाळली. दोन्ही मुठींनी दार ठोकलं, लाथा घातल्या. शेवटी आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं.

मर्ल तोंड पुसत उभा. गाल लाल, डोळ्यांत हसण्याचं पाणी.

"अगं, तू बाहेर कशी?"

"आत कोण आहे?"

"कोण असणार? आत्ता इथंच तर होतीस. खुर्चीवर पाय घेऊन बसली होतीस." त्यानं मागं बघितलं. खुर्ची रिकामी. तो जरा गोंधळला, मग पुन्हा हसला. "मला वाटलं वर गेलीस. लोकर आणायला."

"कसली लोकर?"

"तूच म्हणालीस ना, मला एक टोपी विणते म्हणून."

आर्लिसला आयुष्यात कधी विणता आलेलं नाही.

"काय बोलत होतास, मर्ल?"

"आपण? सगळंच. पहिल्या हिवाळ्यात आपली गाडी तळ्याच्या बर्फात अडकली होती ते. एकाच घोंगडीत रात्र काढली होती ते. मला वाटलं तू विसरलीस." त्यानं तिचा हात धरला. किती वर्षांनी! "किती दिवसांनी आपण असं बोललो, अर्ली."

ती गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती.

की मर्लनं ती कधी तिसऱ्याही कुणाला सांगितली होती? हे आर्लिसनं त्याला अजून विचारलेलं नाही. तिची छाती होत नाही.

टेबलावर भांडं अर्धं संपलं होतं. दोन्ही ताटल्या उष्ट्या. दोन्ही काट्यांना खिमा लागलेला. आर्लिसनं भांडं उचलून उलटं केलं. उरलेलं सगळं टेबलावर सांडलं. बुडाला चिकटपट्टी. निळी शाई.

तळघरातलं भांडं होतं ते.

"असं काय करतेस?" मर्ल म्हणाला. "इतकं छान केलं होतंस. मी मघाशी म्हणालो ना तुला..."

"काय म्हणालास?"

"वा."

त्या रात्री आर्लिसनं फोनमधल्या यादीतून कॉरीनचं नाव काढायला घेतलं. यादीत कॉरीन नव्हतीच. दोनच नावं होती. मर्ल. आर्लिस. आर्लिसच्या नावापुढं चित्र असायचं, तिथं नुसती रिकामी पायरी होती.

सकाळी वेंडेलला बोलावलं. त्यानं तिन्ही कॅमेरे उतरवले, कुलूप काढलं, जुनं पितळी बसवलं. दोन किल्ल्या दिल्या. एक मर्लला, एक आर्लिसला.

"मेहुणा आला होता वाटतं?" वेंडेल म्हणाला.

आर्लिस हसली नाही. मग त्यानंही पुढं काही विचारलं नाही.

ती भांडं घासून, पुसून कॉरीनच्या दारात ठेवून आली. "घे बाई तुझं. चुकलं माझं," असं मोठ्यांदा म्हणाली सुद्धा. दुसऱ्या दिवशी ते तिच्याच ओट्यावर होतं, धुतलेलं, पालथं घातलेलं. परत करायची वेळ निघून गेली होती.

आणि कॅमेरे खोक्यात, खोकं गराजमध्ये, वायर तुटलेली... तरी शुक्रवारी चार चाळीसला फोन वाजला. मी शेजारीच होते. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं.

'आर्लिस घरी आली.'

आर्लिस माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हातात पेशंटचा कागद होता.

त्यानंतर रोज.

ती घरी पोचते तेव्हा मर्ल जेवून तृप्त बसलेला असतो. तिला बघून हसतो. "पुन्हा कुठं गेली होतीस?" म्हणतो. चर्चमधल्या बायका म्हणतात, ह्या वयात दोघांचं काय छान जमलंय. मर्ल तिच्यासाठी दार उघडतो, खुर्ची ओढतो, टोपी काढतो.

आर्लिसला हवं होतं ते सगळं तिला मिळालं. फक्त ते तिनं केलेल्या कशासाठी नाही.

"तूच लवकर घरी जाऊन बस एकदा," मीच म्हणाले तिला. "बघू येते का."

जानेवारीत तिनं अर्धा दिवस सुट्टी काढली. स्वतःच्या हातानं हॉटडिश केला. सव्वाचारलाच टेबलावर, त्याच खुर्चीत बसली, अगदी ठिय्या देऊन. मर्ल आत आला. समोर बसला.

चार चाळीस झाले.

फोन वाजला नाही. कोणी आलं नाही. घर शांत.

जिंकले, तिला वाटलं.

मर्ल जेवत होता. तिनं विचारलं, "बर्फ फार होता का?"

"हो."

"जेवण बरं झालंय का?"

"हो."

मग तिला पुढं काय बोलावं ते सुचेना. तळ्यातल्या गाडीचा विषय काढायला गेली, आणि त्याला नुसतंच आणखी वाढलं. मर्लनं मीठ मागितलं. घड्याळाकडं बघितलं. दाराकडं बघितलं. पाच वाजता त्यानं काटा खाली ठेवला, आणि अगदी मायेनं, काळजीनं विचारलं...

"आज तुला काय झालंय, अर्ली? रोज किती छान बोलतेस."

हे सांगताना आर्लिस रडली. एकोणीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

त्यानंतर ती एकदाही लवकर घरी गेलेली नाही. उलट सगळे गेल्यावरही अर्धा तास रेंगाळते. कागद लावते, पेनं मोजते.

"फोनमधून काढून टाक ते," मी म्हणते.

"काढलं तर तो जेवला हे मला कळणार कसं?"

मी तिच्याबरोबर पेनं मोजते.

मला झोप लागत नाही नीट. 'लिही की' हे मीच म्हणाले होते. माझ्या दारावरही तसलीच कॅमेऱ्याची घंटा आहे. मागच्या आठवड्यात त्या घंटेनं मला फोनवर विचारलं, 'ही व्यक्ती ओळखीची आहे का?' चित्रात माझी पायरी होती, नुसती. मी 'हो' दाबलं नाही, 'नाही'ही दाबलं नाही. वायरच उपटली. नवऱ्याला सांगितलं, बिघडली.

कालची गोष्ट. बाहेर बर्फ पडत होता. दवाखान्यात तिघंचौघं बसलेले. आर्लिस कुणाला तरी पुढची तारीख देत होती.

टिंग.

मी घड्याळाकडं बघितलं. बघायची गरज नव्हती.

आर्लिसनंही फोनकडं बघितलं नाही. हातानंच तो उपडा केला.

"पोचले बघ मी घरी," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.